टर्बोचा दाब वाचताना: एकके, शून्याची जागा आणि सुरक्षित मर्यादा

एकाच डिझेल गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला जादा दाब, तीन ठिकाणी तपासला, तर एका गॅरेजमध्ये १७, दुसऱ्यात १.२ आणि मोबाईलला जोडलेल्या स्कॅनरवर २१८ असे तीन आकडे मिळू शकतात आणि तरीही तिन्ही बरोबर असू शकतात. पहिला आकडा पीएसआयमधला (पौंड प्रति चौरस इंच), दुसरा बारमधला आणि तिसरा किलोपास्कलमधला असतो. शिवाय तिसऱ्यात भोवतालच्या वातावरणाचा दाबही धरलेला असतो. हे माहीत नसलेला मालक २१८ पाहून विनाकारण घाबरतो. उलट चूक मात्र महागात पडते: निरपेक्ष, म्हणजे वातावरणासह मोजलेल्या, दाबाचा २.२ बार हा आकडा कोणी बूस्ट समजून तो ठरवणाऱ्या कंट्रोलरवर लावला, तर इंजिनात ठरल्यापेक्षा जवळजवळ १ बार जादा दाब जातो. म्हणून ‘किती बूस्ट सुरक्षित?’ असे विचारण्याआधी आकडा कोणत्या एककात आहे आणि तो कोणत्या शून्यापासून मोजला आहे, हे दोन प्रश्न सोडवावे लागतात.

टर्बो नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते. टर्बोचार्जरमध्ये धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंवर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. लहान मोटारींच्या टर्बोची ही चाके मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतात. वातावरणाच्या दाबाहून जेवढा जादा दाब इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, तयार होतो, तेवढा बूस्ट. ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले होते.

पौंड, किलो आणि बार

खानदेशातल्या वाचकाला यातली दोन एकके शिकवावी लागत नाहीत. पंक्चरच्या दुकानात ‘३२ ची हवा भर’ असे आपण सांगतो, तेव्हा ते ३२ पीएसआय असतात. बोलताना त्यालाच पौंड म्हटले जाते. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात ठिबकच्या फिल्टरवर जो गेज बसवलेला असतो, त्यावर बहुधा किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे आकडे असतात आणि ‘दीड किलो प्रेशर ठेव’ असे मजुराला सांगितले जाते. टर्बोच्या गेजवरही हीच दोन एकके आढळतात. जपानी धाटणीच्या गेजवर किलो, अमेरिकी धाटणीच्या गेजवर पीएसआय, युरोपीय गेजवर बार आणि गाडीच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, किलोपास्कल किंवा मिलीबार.

१ बार म्हणजे १०० किलोपास्कल, १००० मिलीबार, १४.५ पीएसआय आणि १.०२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. उलट दिशेने पाहिल्यास १ पीएसआय म्हणजे ६.९ किलोपास्कल आणि १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८ बार किंवा १४.२ पीएसआय. समुद्रसपाटीवरचा प्रमाण वातावरणीय दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे १४.७ पीएसआय असतो. काही स्कॅनर हेक्टोपास्कल दाखवतात. ते आणि मिलीबार एकच, तेव्हा त्यात वेगळे काही शिकण्यासारखे नाही.

तोंडी हिशेबासाठी बार आणि किलो समान धरले तरी चालते, कारण दोहोंतला फरक दोन टक्क्यांचा आहे आणि स्वस्त गेजची चूक त्याहून मोठी असते. पीएसआयला ७ ने गुणले की किलोपास्कल जवळपास येतात. १५ पीएसआय म्हटले की ७ ने गुणून १०५ येतात. नेमके उत्तर १०३ आहे. बारवरून पीएसआयकडे जाताना १५ ने गुणून किंचित कमी करावे: १.२ बारचे १८ येतात, नेमके १७.४. गाडीजवळ उभे राहून बोलण्यापुरती एवढी अचूकता पुरते. कंट्रोलरमध्ये आकडा भरायचा असेल, तर मात्र गणकयंत्रच वापरावे.

शून्य कोठे आहे

एककांचा घोळ मिटला, तरी खरा घोटाळा पुढेच असतो. टायरचा गेज वातावरणाच्या दाबाला शून्य मानतो. सपाट टायरमध्येही हवा असते, पण तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच असल्याने काटा शून्यावर राहतो. अशा मोजणीला गेज दाब म्हणतात आणि ‘बूस्ट’ या शब्दाने व्यवहारात हाच अभिप्रेत असतो. गाडीचा मॅनिफोल्डमधला सेन्सर मात्र पूर्ण पोकळीला शून्य मानून मोजतो. तो निरपेक्ष दाब. निरपेक्ष दाबातून त्या वेळचा, त्या ठिकाणचा वातावरणीय दाब वजा केला की बूस्ट मिळतो.

आपला स्कॅनर काय दाखवतो हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली ‘ऑन’ करावी आणि इनटेक मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा पाहावा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तेथे ९७ ते ९९ किलोपास्कलच्या आसपासचा आकडा दिसायला हवा. तसा दिसला, तर स्कॅनर निरपेक्ष दाब दाखवतो आहे. शून्य दिसले, तर ॲपने वजाबाकी आधीच केलेली आहे आणि पुन्हा वजाबाकी करू नये. यांपैकी काहीच न दिसता ८० किंवा ११० असा विचित्र आकडा आला, तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासावी, कारण शून्यच चुकलेले असेल, तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही. बंद इंजिनाचा मॅनिफोल्ड दाब आणि स्कॅनरमधला बॅरोमेट्रिक दाब हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. दोन-तीन किलोपास्कलच्या वर फरक असेल, तर एक सेन्सर खोटे बोलतो आहे.

आता वर आलेला २१८ चा आकडा घेऊ. जळगावचा वातावरणीय दाब ९८ धरला, तर २१८ मधून ९८ वजा जाऊन १२० किलोपास्कल उरतात, म्हणजे १.२ बार, म्हणजे १७.४ पीएसआय. तिन्ही आकड्यांनी एकच गोष्ट सांगितली होती.

हीच गाडी सातपुड्यात तोरणमाळला नेली, तर हजार मीटरच्या वरच्या त्या पठारावर किल्ली ‘ऑन’ करताच आकडा ९० च्या खाली आढळेल. ईसीयूने तेथेही २१८ चाच निरपेक्ष दाब गाठायचा ठरवला, तर गेजवर १.३ बार दिसेल आणि टर्बोला जळगावपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागेल. बहुतेक ईसीयू टर्बोच्या काळजीपोटी उंचीवर लक्ष्य थोडे खाली आणतात. म्हणून डोंगरावर गाडी किंचित मंद वाटली, तर तो दोष समजू नये.

मोबाईलवरच्या स्वस्त स्कॅनरची आणखी एक मर्यादा आहे, जी फारसे कोणी सांगत नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या स्वयंनिदान प्रणालीच्या, प्रमाण नियमावलीत मॅनिफोल्ड दाबाचा नेहमीचा आकडा एका बाइटमध्ये पाठवला जातो, त्यामुळे तो २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. जळगावच्या हवेत याचा अर्थ सुमारे १.५७ बार बूस्ट असा होतो. गाडीचा बूस्ट त्याहून जास्त असेल, तर स्कॅनरचा आकडा २५५ वर अडकून राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते की दाब छान स्थिर आहे. २५५ दिसले, तर त्याचा अर्थ ‘२५५ किंवा त्याहून कितीही जास्त’ असाच घ्यावा आणि कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीशी बोलणारा स्कॅनर लावावा.

काट्याच्या गेजबाबत थोडेच सांगायचे आहे. त्याची नळी थ्रॉटलनंतर (हवेच्या झडपेनंतर) मॅनिफोल्डला जोडलेली असावी. पेट्रोल गाडीत इंजिन आयडलवर असताना काटा शून्याखाली, उणे ०.६ ते उणे ०.७ बारच्या आसपास राहतो. ती पोकळी निरोगी आहे. अनेक गेजांवर हा खालचा भाग पाऱ्याच्या इंचांत असतो आणि वरचा पीएसआयमध्ये, त्यामुळे खालचे २० आणि वरचे २० यांची तुलना करू नये. डिझेलमध्ये आयडलला काटा शून्याजवळच राहतो आणि त्यात काही बिघाड नाही.

सुरक्षित म्हणजे कितीपर्यंत

सर्व गाड्यांना लागू पडेल असा एक सुरक्षित आकडा नाही. तसा आकडा कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्याच्याकडून गाडी परत घ्यावी, असे माझे मत आहे. ढोबळ पट्टे सांगता येतात, पण ते फक्त ‘आपण साधारण कोठे आहोत’ हे कळण्यापुरते: सौम्य टर्बो असलेल्या पेट्रोल गाड्या ०.४ ते ०.७ बार, आजच्या लहान टर्बो पेट्रोल गाड्या ०.८ ते १.४ बार आणि कॉमन रेल डिझेल मोटारी व पिकअप १ ते १.६ बार, काही त्याहूनही वर. आपल्या गाडीची मर्यादा म्हणजे कंपनीने त्या इंजिनाला, त्या टर्बोसह, इंजिनाच्या त्या फेऱ्यांवर ठरवून दिलेला दाब. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांतही ती वेगळी असते. १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे साध्या टर्बोसह ७५ पीएसचे (अश्वशक्तीचे) आणि व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांच्या, टर्बोसह ९० पीएसचे अशा दोन रूपांत विकले गेले. एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे चुकीचे ठरते.

ही मर्यादा कोठे मिळेल? मालकाच्या पुस्तिकेत बहुधा नसते. कार्यशाळेच्या मॅन्युअलमध्ये असते. त्याहून उपयोगी मार्ग म्हणजे चांगल्या स्कॅनरमध्ये दिसणारी दोन ओळींची जोडी: ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट. मागणी १२० किलोपास्कलची आणि मिळकत ११५ ते १२५, तर टर्बो आज्ञाधारक आहे. एक्सलेटर दाबल्यावर मिळकत क्षणभर मागणीच्या वर उडी मारून खाली येते, तेवढ्याने घाबरू नये. परंतु स्थिर भारावर मिळकत ०.१ बारहून अधिक वर राहत असेल, तर मी ती गाडी घाटात नेणार नाही. मिळकत सतत खाली राहत असेल, तर तातडीचा धोका कमी, पण टर्बोवरचा ताण मात्र वाढलेला असू शकतो.

मर्यादा ओलांडल्यावर काय तुटते, हे इंधनावर अवलंबून आहे. पेट्रोल इंजिनात मुख्य शत्रू नॉकिंग आहे. दाब आणि तापमान वाढले की मिश्रणाचा उरलेला भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेटतो आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांवर हातोडा बसतो. ईसीयू नॉक सेन्सरने हे ऐकून ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण ताकद घटते आणि धुराड्याचे तापमान वाढते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनपेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल टाकून बूस्ट वाढवण्याची भाषा करणे म्हणजे विसंगतीच. थेट इंजेक्शनच्या लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत आणखी एक धोका असतो: मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास, मोठ्या गियरमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबला की ठिणगीआधीच सिलिंडरमध्ये स्फोटक ज्वलन होऊ शकते. ऑइलच्या ‘एपीआय एसपी’ या २०२० मध्ये आलेल्या दर्जात याच्या प्रतिबंधाची चाचणी आहे, त्यामुळे अशा गाडीत पुस्तिकेने सांगितलेलेच ऑइल टाकावे. बूस्टचा आकडा मर्यादेत असतानाही हा प्रकार घडतो, हे विशेष.

डिझेलमध्ये नॉकिंगची ही भीती नसते, म्हणूनच त्याचा बूस्ट जास्त ठेवता येतो. तेथे मर्यादा येतात त्या टर्बोच्या फेऱ्यांच्या, सिलिंडरमधल्या कमाल दाबाच्या आणि धुराड्याच्या तापमानाच्या. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर आणि तापलेले धुराडे. टर्बाइनच्या, म्हणजे गरम वायूंवर फिरणाऱ्या चाकाच्या, आधीचे तापमान दीर्घकाळ ७५० अंश सेल्सियसच्या पुढे ठेवणे बहुतेक डिझेल टर्बोंना मानवत नाही. धूर दिसला की ‘बूस्ट वाढवू’ असे काही मिस्त्री म्हणतात. त्याआधी दाबलेली हवा मध्येच कोठे निसटते आहे का, ते पाहावे.

मेमधली दुपार

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत आणि भुसावळ-जळगावकडे कधी त्याच्याही वर जाते. टर्बोच्या आकड्यांवरील बहुतेक लेखन थंड देशांतून येते आणि तेथला अनुभव येथे जसाचा तसा लागू होत नाही.

हवा दाबली की ती तापते. दाब दुप्पट करणारा, सत्तर टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसर (टर्बोचे हवा दाबणारे चाक) २० अंशांची हवा सुमारे ११२ अंशांवर नेऊन सोडतो. तोच कॉम्प्रेसर ४५ अंशांची हवा घेऊन १४४ अंशांची बाहेर देतो. म्हणजे बाहेरचा फरक २५ अंशांचा असला, तरी टर्बोनंतर तो ३२ अंशांचा होतो. पुढे इंटरकूलर ही हवा थंड करतो, पण त्यालाही थंडावा देणारी हवा ४५ अंशांचीच असते. इंजिनाला दाब नको असतो, हवेचे वजन हवे असते. आणि तेवढ्याच दाबाची हवा ४५ ऐवजी ७५ अंशांनी आत गेली, तर तिचे वजन सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरते. गेजवर तोच १.२ बार दिसत असताना गाडी हिवाळ्यात उडते आणि मेमध्ये जड वाटते, याचे कारण हे. बूस्ट वाढवून ही उणीव भरून काढण्याचा मोह घातक आहे, कारण त्यामुळे हवा आणखी तापते.

म्हणून दाबासोबत इनटेकच्या हवेचे तापमानही पाहावे. काही गाड्यांत त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी एअर फिल्टरजवळ असतो, काहींत इंटरकूलरनंतर. एक्सलेटर दाबल्यावर काही वेळाने आकडा वर सरकत असेल, तर तो नंतरचा, म्हणजे उपयोगाचा. धावत्या गाडीत हा आकडा बाहेरच्या तापमानाहून १५ ते २५ अंश वर राहणे मला समाधानकारक वाटते. ४० अंशांचा फरक टिकून राहिला, तर इंटरकूलर चोंदलेला आहे असे समजून पुढचे बंपर खोलावे. कापसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे चालणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा थर बसतो. तो कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारल्यास पातळ पत्र्या वाकतात आणि रोगापेक्षा औषध भारी होते.

एअर फिल्टरचे गणित याहून लपलेले आहे. ठिबकच्या फिल्टरला आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे असे दोन गेज असतात आणि त्यांतला फरक वाढला की फिल्टर चोंदला हे शेतकऱ्याला कळते. गाडीत फिल्टर आणि टर्बो यांच्या मध्ये असा गेज नसतो, म्हणून फिल्टर किती चोंदला हे कोणाला दिसत नाही. समजा, इंटरकूलरमधली तूट धरून टर्बोला २२६ किलोपास्कल दाब द्यायचा आहे. स्वच्छ फिल्टरमागे ९८ ची हवा असेल, तर त्याला ती २.३१ पट दाबावी लागते. चोंदलेल्या फिल्टरमुळे मागे ९२ च उरले, तर २.४६ पट. मॅनिफोल्डचा आकडा तोच राहतो, पण टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते आणि मालक मात्र ‘बूस्ट बरोबर आहे’ म्हणून निश्चिंत असतो. कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या पिकअपचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरपेक्षा बराच आधी बदलावा लागतो. धुळीच्या वापरासाठी कमी अंतर पुस्तिकेतच वेगळे दिलेले असते.

नोंद कशी घ्यावी

नोंद घेण्यासाठी दोन माणसे लागतात, एक गाडी चालवायला आणि दुसरा आकडे पाहायला. चालकाने मोबाईलकडे पाहू नये, ही सूचना औपचारिकता म्हणून दिलेली नाही. आधी किल्ली ‘ऑन’ करून बंद इंजिनाचा आकडा लिहून घ्यावा. मग वीस मिनिटे गाडी चालवून इंजिन आणि ऑइल तापू द्यावे. स्कॅनरमध्ये फेरे, मॅनिफोल्ड दाब, इनटेकचे तापमान आणि मिळत असल्यास मागितलेला बूस्ट एवढ्याच ओळी निवडाव्यात. ब्लूटूथचा स्वस्त जोड दहा ओळी मागितल्या की इतका मंदावतो की बूस्टचा शेंडा त्याच्या दोन नोंदींच्या मधूनच निसटतो.

सरळ, मोकळा आणि किंचित चढाचा रस्ता निवडावा. लळिंग किंवा चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट यासाठी नव्हे. तिसऱ्या गियरमध्ये १८०० फेऱ्यांवरून एक्सलेटर पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्यावे आणि सोडावे. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये भार इतका थोडा वेळ राहतो की टर्बोला पूर्ण दाब बांधायला सवड मिळत नाही, आणि उभ्या गाडीत नुसते रेस करून तर काहीच कळत नाही. असे दोन-तीनदा करून कमाल दाब, तो कोणत्या फेऱ्यांवर आला आणि पुढे किती टिकला, हे लिहावे. तारीख, बाहेरचे तापमान आणि ठिकाणही लिहावे. गाडी निरोगी असतानाची अशी एक नोंद जपून ठेवली, तर पुढे तक्रार उद्भवल्यावर तिच्याशी तुलना करता येते.

कमी-जास्त झाल्यास

बूस्ट कमी पडला की ईसीयू बहुधा पी ०२९९ हा कोड नोंदवतो, जास्त झाला की पी ०२३४. दोन्ही वेळा गाडी ताकद कमी करून ‘लिंप मोड’मध्ये जाऊ शकते. कोड पुसून पुढे निघणे हा उपाय नाही.

कमी बूस्टसाठी सर्वांत आधी रबरी होज पाईप आणि त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. इंटरकूलरच्या जोडाभोवती ऑइलचा ताजा ओला डाग आणि भारावर शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज, हे गळतीचे लक्षण. पाईप बंद इंजिनात धड दिसतो आणि दाबाखाली त्याची चीर उघडते, म्हणून हाताने वाकवून पाहावे. त्यानंतर एअर फिल्टर, काजळी बसलेला दाबाचा सेन्सर, उघडी अडकलेली ईजीआर झडप (धुराड्याचे वायू परत इंजिनात सोडणारी). टर्बो सर्वांत शेवटी, कारण तो सर्वांत महाग असतो आणि कित्येकदा निर्दोष असूनही बदलला जातो.

येथे एक बारकावा मिस्त्रीलाही चकवतो. साध्या टर्बोत वेस्टगेट, म्हणजे जादा गरम वायू चाकाला वळसा घालून सोडणारी झडप, उघडण्यासाठी बूस्टचाच दाब एका बारीक नळीने ती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला दिलेला असतो. ही नळी निसटली, तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर चढतो. व्हॅक्युमवर चालणाऱ्या व्हीजीटी टर्बोत तशीच दिसणारी नळी निसटली, तर पाती उघडी राहतात आणि बूस्ट बांधलाच जात नाही. दिसायला सारख्या नळ्या, परिणाम अगदी उलट; म्हणून आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी ठरवावे. व्हीजीटीत काजळीमुळे पाती अर्धवट मिटलेल्या अवस्थेत अडकली, तर मात्र बूस्ट जास्त होतो. सतत गावातल्या गावात, कमी फेऱ्यांवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त आढळते.

बूस्ट जास्त चढल्याचे दिसले, तर एक्सलेटर सोडून, भार कमी ठेवून गॅरेज गाठावे. घाटात असाल, तर मोठ्या गियरमध्ये गाडी रेटण्यापेक्षा एक गियर खाली घ्यावा. फेरे वाढतात, पण तेवढ्याच चढासाठी प्रत्येक फेऱ्यात लागणारा दाब कमी होतो. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल करपत नाही.

बूस्ट वाढवून घ्यायचा असेल तर

ज्या इंजिनाला मुळात टर्बोच नाही त्याला तो बसवणे, हा विषय येथे घेत नाही. पिस्टनपासून इंधनापर्यंत सगळे बदलावे लागते. टर्बो गाडीचा बूस्ट वाढवण्याचा सोपा म्हणून विकला जाणारा मार्ग म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. यातले काही बॉक्स दाबाच्या सेन्सरच्या वायरीत बसतात आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब कळवतात. ईसीयू बिचारा कमी पडते आहे समजून टर्बोला आणखी रेटतो. स्कॅनरलाही तोच खोटा आकडा मिळतो. म्हणजे गाडीत १.५ बार असताना पडद्यावर १.२ दिसत राहते आणि मर्यादा ओलांडल्याचा कोडही उमटत नाही. असा बॉक्स लावलेल्या गाडीत स्कॅनरवर विश्वास ठेवू नये. मॅनिफोल्डला स्वतंत्र नळीने जोडलेला काट्याचा गेजच खरे सांगतो. जुनी टर्बो गाडी विकत घेतानाही सेन्सरच्या वायरीत मध्येच कापून टेप गुंडाळलेली आहे का, हे पाहावे, कारण बॉक्स काढून ठेवून गाडी विकणारे असतात आणि तोपर्यंत टर्बोने जे सोसायचे ते सोसलेले असते.

ईसीयूच्या प्रोग्रॅममध्येच बदल करणारी ट्यूनिंग तुलनेने प्रामाणिक असते, कारण तेथे मागणी आणि मिळकत दोन्ही दिसतात. ती करणाऱ्याकडे मूळ प्रोग्रॅमची प्रत, बदलानंतरच्या कमाल निरपेक्ष दाबाचा आकडा आणि तो सेन्सरच्या मोजमर्यादेत बसतो का याचे उत्तर लेखी मागावे. अनेक गाड्यांतले सेन्सर २.५ किंवा ३ बार निरपेक्ष दाबापर्यंतच मोजतात. आकडा ‘बार’मध्ये दिला, तर तो गेज की निरपेक्ष, हेही लिहून घ्यावे. ट्यूनरचे गॅरेज जर थंड हवेच्या शहरात असेल, तर हिवाळ्यात केलेली ट्यूनिंग मेमध्ये जळगावात पुन्हा तपासून देण्याची अट घालावी. कंपनीची वॉरंटी अशा बदलानंतर नाकारली जाऊ शकते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करण्यास मनाई करते. सौदा ठरवण्याआधी विमा कंपनीलाही लेखी विचारावे. अपघातानंतर विचारले, तर उत्तर बहुधा आपल्या सोयीचे नसते.